हार्ट्सनी १९८६ ची लीग नक्की कुठे घालवली? डंडीत, की सुरुवातीलाच?

गोरगीकर

फुटबॉलच्या धाग्यांवर मँचेस्टर, लिव्हरपूल, माद्रिद यांच्यावरून रोज रणं माजतात, पण स्कॉटलंडच्या लीगकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून हा धागा. विषय एकच, १९८५-८६ चा सीझन. माझ्या मते कुठल्याही देशाच्या लीगमधला सगळ्यात जिवाला चटका लावणारा सीझन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेव्हा प्रीमियर डिव्हिजनमध्ये दहा टीम, प्रत्येकीच्या ३६ मॅचेस, जिंकलं की दोन पॉइंट, ड्रॉला एक. ३ मे १९८६, शनिवार, शेवटची मॅच. सकाळी टेबल बघितलं तर हार्ट्स ५० पॉइंट, सेल्टिक ४८. पॉइंट सारखे झाले तर गोलफरकावर (मारलेले वजा खाल्लेले) निकाल; तो हार्ट्सचा +२८, सेल्टिकचा +२४. हार्ट्सना डंडीविरुद्ध त्यांच्या डेन्स पार्क मैदानावर नुसता ड्रॉ पुरे होता. हरले असते तरी सेल्टिकना पेझलीत सेंट मिरनवर किमान तीन गोलांनी जिंकणं भाग होतं.

डेन्स पार्कवर ८३ व्या मिनिटापर्यंत ०-०. मग डंडीचा सबस्टिट्यूट अल्बर्ट किड, ज्याने त्या अख्ख्या सीझनमध्ये लीगचा एक गोल केला नव्हता, त्याने ८३ व्या मिनिटाला एक मारला आणि ८७ व्या मिनिटाला दुसरा. तिकडे सेल्टिक ५-० जिंकले. दोघांचे ५० पॉइंट, सेल्टिक +२९, हार्ट्स +२६. संपलं.

सगळे म्हणतात हार्ट्सनी शेवटच्या सात मिनिटांत लीग घालवली. मला हे पटत नाही. हार्ट्स अख्ख्या सीझनमध्ये सहा मॅचेस हरले, त्यातल्या पाच पहिल्या आठ मॅचेसमध्ये! सेंट मिरनकडून ६-२ असा सडकून मार खाल्ला, रेंजर्सकडून ३-१, आणि सप्टेंबरच्या शेवटी क्लाइडबँककडून ०-१, जे सीझनअखेर टेबलच्या तळाला होते. यातली एक, फक्त एक मॅच ड्रॉ झाली असती तरी अल्बर्ट किडने चार गोल मारले असते तरी काही बिघडलं नसतं. लीग तिथे गेली. डेन्स पार्कवर फक्त बिल आलं.

तुम्हाला काय वाटतं?

देवगडचा_बाळ्या

मला स्कॉटलंडमधले सेल्टिक आणि रेंजर्स सोडून कोणी माहीत नाही. हार्ट्स कुठले?

गोरगीकर

एडिनबराचे. पूर्ण नाव हार्ट ऑफ मिडलोदियन, गडद मरून जर्सी, स्टेडियम टायनकॅसल, गोरगी रोडला लागून. स्टँड इतके मैदानाला खेटून आहेत की थ्रो घेणाऱ्याला मागच्याची शिवी स्पष्ट ऐकू जाते. शेजारी व्हिस्कीची मोठी डिस्टिलरी आहे, वारा त्या बाजूने असला की सगळ्या गल्लीत उकडलेल्या धान्याचा गोडसर वास भरलेला असतो, त्यात 'पाय' पेस्ट्रीचा वास मिसळला की समजायचं आज मॅच आहे. शहरातली दुसरी टीम हिब्स, लीथची. त्यांचं आणि आमचं विळ्याभोपळ्याचं.

स्वाती_ग्लासगो

मी ग्लासगोत राहते आणि सेल्टिकवाली आहे, त्यामुळे आधीच सांगते की माझं मत एकतर्फी असणार 😄

या गोष्टीत दरवेळी हार्ट्सनी 'घालवलं' आणि किडने 'मारलं' एवढंच येतं, सेल्टिकनी जिंकलं हे कोणी म्हणतच नाही. बाईंनो आणि बाबांनो, २२ मार्चला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर त्यांच्याबरोबर ४-४ झाल्यावर सेल्टिकनी उरलेल्या आठच्या आठ मॅचेस जिंकल्या. आठ! एक जरी ड्रॉ झाली असती तरी शेवटच्या दिवशी हार्ट्स निवांत असते. आणि त्या दिवशी लव्ह स्ट्रीटवर, म्हणजे सेंट मिरनच्या मैदानावर, हाफटाइमलाच ४-० होतं. मॅक्लेअर दोन, मो जॉन्स्टन दोन, पॉल मॅकस्टे एक.

त्यातला तिसरा गोल ज्यांनी बघितला नसेल त्यांनी शोधून बघा. डॅनी मॅकग्रेन, दोनच दिवसांपूर्वी ३६ वर्षांचा झालेला राइट बॅक, डायबेटिसचा पेशंट, स्वतःच्या गोलपाशी बॉल घेऊन अंगावर आलेल्याला शांतपणे चकवतो, आणि तिथून एकेका टचने बॉल पार दुसऱ्या टोकाला जातो, मॅक्लेअर आडवा देतो आणि जॉन्स्टन आत ढकलतो. सेंट मिरनच्या एकाही माणसाचा पाय लागत नाही. असा गोल मारणाऱ्या टीमला नशिबाने लीग मिळाली म्हणणं हा अन्याय आहे.

माझ्या ऑफिसातले एक सीनियर गृहस्थ त्या दिवशी तिथे होते. ते सांगतात की सेकंड हाफमध्ये मैदानाकडे कोणी बघतच नव्हतं, ज्याच्याकडे ट्रान्झिस्टर त्याच्याभोवती कोंडाळं. आणि मग मैदानात काहीही घडत नसताना अचानक स्टँडच्या एका कोपऱ्यातून आरोळी उठली आणि पसरत गेली. खेळाडूंना त्यावरून कळलं की डंडीत गोल झाला.

मुळशी_एक्सप्रेस

स्वातीताई, सेंट मिरनला त्या मॅचमध्ये मिळवण्यासारखं काही नव्हतं हेही सांगा की. ५-० म्हणजे जरा जास्तच झालं नाही का?

स्वाती_ग्लासगो

मुळशी, हा आरोप मी चाळीस प्रकारे ऐकलाय. मिळवण्यासारखं नव्हतं हे खरं, सीझनच्या शेवटी मधल्या टीम सैल पडतात हेही खरं, सगळ्या देशांत पडतात. त्यापलीकडे काही म्हणायचं असेल तर पुरावा आणा. हार्ट्सना ऑगस्टमध्ये सहा गोल मारले तेव्हा हेच सेंट मिरन फार जिगरबाज होते म्हणे!

गोरगीकर

स्वाती, हे मात्र मान्य. सेंट मिरनवर संशय घेणारे हार्ट्सचे फॅन मलाही आवडत नाहीत. आपली मॅच आपण हरलो. आणि सेल्टिकच्या आठ विजयांबद्दल काहीच वाद नाही, टोपी काढतो.

अण्णा_कोल्हापूर

चांगला धागा काढलाय भावा. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस यांच्या मॅचा बघून मोठं झालोय, त्यामुळं एक सांगतो. ड्रॉ पुरे हाय म्हणून खेळाय उतरलं की टीम मागं सरकत जाती. कोच ओरडून ओरडून घसा फोडतो पुढं जावा पुढं जावा, पण पाय ऐकत न्हाईत. अन् समोरचा मोकळा असतो, त्याला गमावण्यासारखं काय नसतं. हार्ट्सचं त्या दिवशी हेच झालं असणार. ३५ मॅचेस तुम्ही एका पद्धतीनं खेळला अन् शेवटच्या दिवशी दुसऱ्या पद्धतीनं खेळाय गेला तर कसं व्हायचं. त्यामुळं मी ऑगस्टवर बोट ठेवणार न्हाई, लीग डेन्स पार्कवरच गेली.

गोरगीकर

अण्णा, डंडीला गमावण्यासारखं होतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्यांना जिंकून पुढच्या वर्षीच्या युएफा कपची, म्हणजे युरोपातल्या स्पर्धेची, जागा मिळवायची होती. रेंजर्स आणि त्यांच्यात रस्सीखेच होती. शेवटी दोघांचे ३५ पॉइंट झाले आणि रेंजर्स गोलफरकावर पुढे गेले कारण त्यांनी मदरवेलला हरवलं. म्हणजे डंडीने हार्ट्सचं वाटोळं केलं आणि स्वतःच्या पदरातही काही पडलं नाही. डंडीचा मॅनेजर आर्ची नॉक्स, म्हणजे अ‍ॅबर्डीनचा तेव्हाचा मॅनेजर अलेक्स फर्ग्युसन याचा जुना साथीदार, तो काही मॅच सोडून देणाऱ्यांतला नव्हता.

आणि दुसरं. टीममध्ये त्या आठवड्यात आजारपण होतं. क्रेग लेवीन, डिफेन्सचा कणा, खेळूच शकला नाही. पहिल्या हाफमध्ये सँडी क्लार्कला बॉक्समध्ये पाडलं, पेनल्टी दिली नाही. मी कारणं देत नाहीये, पण 'घाबरले' एवढंच म्हणणं मला कमी वाटतं.

अण्णा_कोल्हापूर

पेनल्टी दिली न्हाई हे वाक्य जगातल्या प्रत्येक हरलेल्या टीमच्या तोंडात असतंय 😀 पण आजारपणाचं माहीत नव्हतं. लेवीन नसणं लई मोठं.

आकडेमोड

मी फुटबॉल कमी आणि टेबल जास्त बघतो. वर गोरगीकरांनी गोलफरक दिलाय, आता गंमत बघा. अंतिम आकडे:

सेल्टिक: २० जिंकल्या, १० ड्रॉ, ६ हरल्या, गोल ६७, खाल्ले ३८.
हार्ट्स: २० जिंकल्या, १० ड्रॉ, ६ हरल्या, गोल ५९, खाल्ले ३३.

जिंकल्या-हरल्यासुद्धा तंतोतंत सारख्या! म्हणजे जिंकल्यावर तीन पॉइंट दिले असते तरी बरोबरीच. आता पूर्वी गोलफरक नव्हता, गोल अ‍ॅव्हरेज होतं, म्हणजे मारलेले भागिले खाल्लेले. त्या हिशेबाने सेल्टिक ६७/३८ = १.७६३, हार्ट्स ५९/३३ = १.७८८. जुना नियम असता तर हार्ट्स चॅम्पियन, अल्बर्ट किडच्या दोन्ही गोलांसकट.

स्वाती_ग्लासगो

हे मला माहीत नव्हतं!! खरंच कागदावर करून बघितलं.

मुळशी_एक्सप्रेस

बापरे. आणि यावर हार्ट्सवाले अजून मोर्चा घेऊन गेले नाहीत?

गोरगीकर

आकडेमोड, तुम्ही अर्धीच जखम उघडलीत, उरलेली मी उघडतो. १९६४-६५. तेव्हा गोल अ‍ॅव्हरेज होतं, लीग १८ टीमची, ३४ मॅचेस. शेवटचा दिवस, २४ एप्रिल १९६५, टायनकॅसलवर हार्ट्स विरुद्ध किल्मार्नोक, म्हणजे पहिला आणि दुसरा समोरासमोर. हार्ट्स दोन पॉइंटनी पुढे. हरायचं असेल तर ०-१ चालेल, ०-२ चालणार नाही. आणि हरले किती? ०-२. डेव्ही स्नेडन आणि ब्रायन मॅकिलरॉय, दोन्ही गोल पहिल्याच हाफमध्ये. नंतर पंचेचाळीस मिनिटं एक गोल हवा होता, नाही झाला. अगदी शेवटी अ‍ॅलन गॉर्डनचा शॉट किल्मार्नोकच्या बॉबी फर्ग्युसनने बाहेर ढकलला.

दोघांचे पॉइंट किती असतील ओळखा. ५० आणि ५०.

आकडेमोड, पुढचं तुम्हीच करा. किल्मार्नोक ६२-३३, हार्ट्स ९०-४९.

आकडेमोड

६२/३३ = १.८७९. ९०/४९ = १.८३७. फरक ०.०४२.
गोलफरक: किल्मार्नोक +२९, हार्ट्स +४१.

म्हणजे १९६५ ला गोलफरकाचा नियम असता तर हार्ट्स आरामात चॅम्पियन, आणि १९८६ ला गोल अ‍ॅव्हरेजचा असता तरी हार्ट्स चॅम्पियन. दोन्ही वेळा त्यांच्या वाट्याला नको तो नियम आला. इतकी वर्षं आकड्यांशी खेळतोय, असं दुसरं उदाहरण माझ्या बघण्यात नाही.

देवगडचा_बाळ्या

हे वाचून मी आजपासून हार्ट्सचा. आता कोणीही मला परत घेऊ शकत नाही.

निळी_पेन्सिल

बाळ्या, विचार कर रे, डॉक्टरांना विचारून घे आधी.

डॉन_नदीकाठ

अ‍ॅबर्डीनमध्ये तेलाच्या नोकरीत काही वर्षं काढली, त्यामुळे लाल जर्सीच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं म्हणून लिहितो. तुम्ही सगळे हार्ट्स-सेल्टिक करताय, पण त्या सीझनमध्ये दोन्ही कप कोणी नेले? अ‍ॅबर्डीन. ऑक्टोबरमध्ये लीग कपच्या फायनलमध्ये हिब्सवर ३-०, आणि १० मेला, म्हणजे डेन्स पार्कनंतर बरोबर एका आठवड्याने, स्कॉटिश कपच्या फायनलमध्ये हार्ट्सवर ३-०. जॉन हेविट दोन, बिली स्टार्क एक. एडिनबराच्या दोन्ही टीमना एकेक फायनल, एकेक ३-०. युरोपियन कपमध्येही क्वार्टर फायनलपर्यंत गेले आणि गोथेनबर्गशी न हरता, अवे गोलवर (बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे) बाहेर पडले.

आणि हे सगळं करताना फर्ग्युसनच्या डोक्यावर काय होतं बघा. १० सप्टेंबर १९८५ ला कार्डिफमध्ये वेल्स-स्कॉटलंड मॅचच्या शेवटी स्कॉटलंडचे मॅनेजर जॉक स्टीन कोसळले आणि गेले. फर्ग्युसन त्यांचा असिस्टंट म्हणून बाजूलाच होता. ज्या माणसाला तो गुरू मानायचा त्याची टीम अंगावर घेऊन वर्ल्ड कपपर्यंत न्यायची आणि इकडे क्लबही सांभाळायचा. लीगमध्ये अ‍ॅबर्डीन चौथे आले यात काय नवल. तो पूर्ण लक्ष देऊ शकला असता तर हार्ट्स आणि सेल्टिक दोघेही तिसऱ्या-चौथ्यासाठी भांडत असते.

गोरगीकर

डॉनदादा, शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला सहमत 🙂 त्या कप फायनलबद्दल मला बोलवत नाही. सात दिवसांपूर्वी मन मोडलेली टीम, पाचव्या मिनिटाला हेविटने गोल मारला तेव्हाच खांदे पडले. कप्तान वॉल्टर किडला रेड कार्ड मिळालं. आठवड्यापूर्वीपर्यंत डबलची, म्हणजे लीग आणि कप दोन्हीची, भाषा चालली होती आणि हाती शून्य.

निळी_पेन्सिल

थांबा थांबा, हार्ट्सच्या कप्तानाचं आडनावही किड??

गोरगीकर

हो. नातं काही नाही. अल्बर्ट डंडीचाच पोरगा, लहानपणापासून सेल्टिकचा फॅन. हिब्सवाले आजही ३ मेला त्याच्या नावाने ग्लास उंचावतात. तो पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला.

निळी_पेन्सिल

शहाणा माणूस. एडिनबरापासून त्याहून लांब जमीनच नाही.

स्वाती_ग्लासगो

🤣🤣 वहीत लिहून ठेवते हे.

पणजीचो_पावस

थोडं अवांतर, पण स्कॉटलंडचा विषय निघालाच आहे तर. भारतातल्या ड्युरँड कपची पहिली स्पर्धा १८८८ ला शिमल्यात झाली, तिच्या फायनलला दोन्ही टीम स्कॉटिश पलटणी होत्या. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री. म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल बऱ्याच अंशी या लोकांनीच आणला. आणि १९३६ ला कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिककडून खेळला, बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून. स्वातीताईंना माहीत असेल.

स्वाती_ग्लासगो

माहीत आहे तर! फार थोडा काळ होता, घरच्या ओढीने परत गेला. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी येते. आणि मुलींच्या बाजूने बाला देवी रेंजर्सकडून खेळली, तेही तिथे घेऊ. रेंजर्सबद्दल चांगलं बोलण्याची माझी वर्षातली एक वेळ असते, ती तिच्यासाठी.

मास्तर_निवृत्त

हार्ट्सचं दुर्दैव म्हणताना सगळ्यांनी १९६५ आणि १९८६ सांगितलं, पण १९१४-१५ राहिलं. मला खेळापेक्षा इतिहासात रस, म्हणून लिहितो. त्या सीझनमध्ये हार्ट्स लीगमध्ये सर्वांत पुढे होते. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये संघातले बरेच खेळाडू एकत्र जाऊन सैन्यात भरती झाले, सर जॉर्ज मॅक्रे यांच्या पलटणीत, तीच १६ वी रॉयल स्कॉट्स. त्यांच्या मागे शेकडो फॅनही भरती झाले. दिवसा कवायत, रात्रीचे मार्च, लसींचा ताप आणि शनिवारी मॅच. अशा अवस्थेत सीझनच्या शेवटी पाय जड झाले आणि सेल्टिक चार पॉइंटनी पुढे गेले. युद्धात हार्ट्सचे सात खेळाडू मारले गेले, त्यातले काही १ जुलै १९१६ ला सोमच्या पहिल्याच दिवशी. एडिनबरात हेमार्केटला त्यांच्या स्मरणार्थ घड्याळाचा मनोरा आहे.

त्या मानाने अल्बर्ट किड हे फार लहान दुःख आहे, असं मला वाटतं.

गोरगीकर

मास्तर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नोव्हेंबरमध्ये त्या मनोऱ्यापाशी हार्ट्सचे फॅन जमतात, क्लबचे लोक येतात, पुष्पचक्र ठेवतात. माझ्या ओळखीचे कित्येक जण मॅच चुकवतील पण ते चुकवत नाहीत.

अण्णा_कोल्हापूर

मास्तरांना नमस्कार. ह्यो भाग कुठंच वाचला नव्हता.

मुळशी_एक्सप्रेस

मूळ प्रश्नाकडे येतो. मला गोरगीकरांचा ऑगस्टचा मुद्दा गणितात पटतो, मनात नाही पटत. कारण ऑगस्टमध्ये हार्ट्स चॅम्पियन होऊ शकतात असं खुद्द हार्ट्सनाही वाटत नव्हतं ना? त्या पाच पराभवांच्या वेळी ती टीम वेगळी होती. ज्या टीमला आपण चॅम्पियन व्हायला हवं होतं म्हणतो ती ५ ऑक्टोबरला जन्मली, न हरण्याची मालिका सुरू झाली तेव्हा. त्यामुळे आधीच्या टीमच्या चुका नंतरच्या टीमच्या माथी कशा मारायच्या?

गोरगीकर

मुळशी, हा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे.

ती टीम खरंच हळूहळू तयार झाली. १९८१ ला वॉलेस मर्सरने क्लब घेतला तेव्हा हार्ट्स दुसऱ्या डिव्हिजनला लागलेले, १९८३ ला वर आले. मॅनेजर अलेक्स मॅकडोनाल्ड आणि असिस्टंट सँडी जार्डिन, दोघेही १९७२ ला रेंजर्सबरोबर युरोपातला कप विनर्स कप जिंकलेले. जार्डिन तर १९८६ ला ३७ वर्षांचा, असिस्टंट मॅनेजरही आणि डिफेन्समध्ये रोज खेळणाराही, आणि फुटबॉल पत्रकारांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. पुढे जॉन रॉबर्टसन, २१ वर्षांचा, बुटका, बॉक्समध्ये बॉल कुठे पडणार हे आधी कळणारा, लीगमध्ये २० गोल. गॅरी मकाय २२ चा. दोघेही एडिनबराचीच पोरं. बाजूने जॉन कोहून, जो सेल्टिकनी सोडून दिलेला! मोठ्या पैशांनी आणलेलं कोणी नाही. अशी टीम लीगमध्ये २७ आणि कपच्या धरून ३१ मॅचेस हरत नाही.

तरीही टेबल ऑगस्टपासूनचं असतं, त्याला कोण माझे कोण तुझे कळत नाही.

डॉन_नदीकाठ

मला वाटतं या सीझनचं दुःख आणखी एका कारणाने मोठं आहे आणि ते इथे कोणी काढलं नाही. १९८० ते १९८६ ही सात वर्षं स्कॉटिश लीग खरोखर सगळ्यांची होती. १९८०, ८४, ८५ अ‍ॅबर्डीन. १९८३ डंडी युनायटेड. मधली सेल्टिकची. १९८६ ला रेंजर्स तर कसेबसे पाचवे. दोन हजारांच्या गावची टीम नाही, पण मध्यम शहरातली टीम, चांगला मॅनेजर आणि स्वतः घडवलेली पोरं एवढ्यावर चॅम्पियन होता यायचं.

मग एप्रिल १९८६ ला रेंजर्सनी ग्रॅम सूनेसला मॅनेजर म्हणून आणलं. १९८५ च्या हेझल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी होती, त्यामुळे इंग्लंडचा टेरी बुचर, गोलकीपर ख्रिस वुड्स असे लोक उलट्या दिशेने ग्लासगोत आले, युरोप खेळायला मिळतंय म्हणून. पैशाचा नळ सुटला. नोव्हेंबरमध्ये फर्ग्युसन मँचेस्टरला गेला. १९८९ पासून रेंजर्सनी सलग नऊ लीग घेतल्या. अ‍ॅबर्डीन १९८५ ला जिंकले आणि मग दशकामागून दशकं गेली, ग्लासगोबाहेर लीग गेली नाही.

म्हणजे हार्ट्स त्या दिवशी जे हरले ते एक लीग नव्हती. दार बंद होता होता ते उंबऱ्यापर्यंत पोचले होते. १९८७ ला परत प्रयत्न करू असं त्यांना वाटलं असेल, पण १९८७ चा खेळच वेगळा होता.

गोरगीकर

डॉनदादा, मी हे इतकं नीट कधी मांडू शकलो नसतो. म्हणूनच मला किडवर खापर फोडायचा राग येतो. त्याने आपलं काम चोख केलं. पहिला गोल बघा, कॉर्नर येतो, डोक्याला लागून बॉल त्याच्यासमोर पडतो, एवढ्या गर्दीत तो घाई न करता जोरात मारतो. दुसरा तर त्याहून भारी, उजवीकडून पळत आत येतो, बॉल देतो, परत घेतो आणि हवेतूनच हाणतो. सीझनभर गोल नसलेल्या माणसाचा असा गोल असतो होय? मागे टेरेसवर मरून स्कार्फवाली मोठमोठी माणसं रडतायत, फोटो आहेत. पण बॉल मारणाऱ्याचा दोष काय.

स्वाती_ग्लासगो

गोरगीकर, ऐका माझं. तुमचं ऑगस्ट खरं, अण्णांचं डेन्स पार्क खरं. पण माझं मत अजून तेच. आठ सलग जिंकून शेवटच्या दिवशी तीन लागत असताना पाच मारणाऱ्यांनी ती लीग कमावली. सेल्टिकचे मॅनेजर डेव्ही हे यांनी त्या वसंतात टीमला जे जागं केलं त्याचं श्रेय कोणी देत नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यांनाही क्लबने घरी पाठवलं. त्यांच्याबद्दलही कोणीतरी हळहळा.

अण्णा_कोल्हापूर

हळहळलो ताई. 🙏

देवगडचा_बाळ्या

एक विचारू का? मी आता हार्ट्सचा आहे म्हणून विचारतो. त्या टीममधल्या कोणाला पुढे काहीतरी मिळालं का? का सगळे तसेच रिकाम्या हाताने गेले?

गोरगीकर

बहुतेक तसेच गेले बाळ्या. पण रॉबर्टसनचं सांगतो. मध्ये थोडे महिने न्यूकॅसलला जाऊन तो परत आला, लीगमध्ये हार्ट्ससाठी २१४ गोल केले, तो क्लबचा विक्रम आहे. आणि १६ मे १९९८ ला स्कॉटिश कपची फायनल, समोर रेंजर्स. कॉलिन कॅमेरॉनची पेनल्टी, स्टेफान अडामचा गोल, २-१. रॉबर्टसन बेंचवर होता, उतरवला नाही, पण मेडल मिळालं. मॅनेजर जिम जेफरीज. मॅच झाली ती सेल्टिकच्या मैदानावर, स्वाती.

स्वाती_ग्लासगो

भाडं पाठवून द्या.

निळी_पेन्सिल

आणि गॅरी मकाय? त्याला तरी मिळालं का त्या दिवशी?

गोरगीकर

नाही. तो १९९७ लाच क्लब सोडून गेला होता.